ताब्याच्या दिवशीची यादी

भाड्याचे घर सोडताना मालक आणि भाडेकरू यांच्यात जो वाद होतो, तो सहसा भाड्याचा नसतो. भाडे महिन्याच्या महिन्याला चुकते झालेले असते. वाद होतो तो डिपॉझिटवरून. भिंतींचा रंग गेला, गिझर बंद पडला, ओट्याच्या टाइलला तडा गेला, म्हणून इतके कापले, उरलेले हे घ्या, असे मालक म्हणतो. हे सगळे आम्ही आलो तेव्हापासून असेच होते, असे भाडेकरू म्हणतो. अहिल्यानगर जिल्ह्यात हा प्रसंग वारंवार यावा अशीच भाडेकरूंची जातकुळी आहे. नागापूर आणि सुपे येथील एमआयडीसीतले कामगार, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातले आणि लोणी-विळदघाटातल्या महाविद्यालयांतले विद्यार्थी, शिर्डीच्या हॉटेलांतले नोकरदार, भिंगारला बदली होऊन आलेली आणि सरकारी निवासस्थानाची वाट पाहणारी लष्करी कुटुंबे, बँका आणि तहसील कचेऱ्यांतले बदलीचे कर्मचारी, हे सारे वर्षा-दोन वर्षांत घर बदलणारे लोक आहेत. सावेडीत, केडगावात किंवा संगमनेर-श्रीरामपूरच्या नव्या वसाहतींत घर रिकामे होते तेव्हा डिपॉझिटची रक्कम मालकाच्या हातात असते आणि त्यातले किती परत करायचे हेही तोच ठरवतो. त्याच्या बाजूने पुरावा म्हणून पुढे येते ती करारामागे जोडलेली साहित्याची यादी. तीही बहुधा त्यानेच केलेली. माझे म्हणणे असे, की हा वाद घर सोडण्याच्या दिवशी सुटत नाही, कारण तो घर घेतले त्याच दिवशी या एकतर्फी यादीने ठरवून टाकलेला असतो. कायदा दुरुस्त करायचा तर तो तिथून करायला हवा.

घर कोणत्या स्थितीत परत द्यायचे, याबद्दलचा मूळ नियम जुना आणि न्याय्य आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम १०८ नुसार भाडेपट्टा संपल्यावर जागा ज्या स्थितीत मिळाली त्याच स्थितीत परत करायची. वाजवी झीज आणि माणसाच्या हाताबाहेरच्या संकटाने झालेले बदल त्यातून वगळायचे. आज महाराष्ट्रात बहुतेक घरे भाडेपट्ट्याने न देता लिव्ह अँड लायसन्सने दिली जातात आणि त्या करारांना हे कलम जसेच्या तसे लागू होत नाही. पण करार लिहिणाऱ्यांनी त्यातला आशय उचलून ठेवला आहे. ‘वाजवी झीज वगळता जागा पूर्वीच्या स्थितीत परत द्यावी’ अशा अर्थाचे वाक्य जवळजवळ प्रत्येक मसुद्यात सापडते. अडचण अशी, की या वाक्याला माप लागते ‘पूर्वीच्या स्थितीचे’, आणि त्याच कराराच्या शेवटी जोडलेल्या यादीत स्थिती नसतेच. पंखे ४, ट्यूबलाइट ५, गिझर १, कपाट २, किचन ट्रॉली १ सेट, अशी ती मोजणी असते. पंखा होता हे यादी सांगते. तो आवाज करत होता का, त्याचा रेग्युलेटर चालत होता का, हे सांगत नाही. गिझर एक होता. तो नवा होता की आठ वर्षांचा, याची नोंद नाही. भिंती तर यादीत नसतातच, आणि सर्वांत जास्त पैसे कापले जातात ते भिंतींच्या रंगासाठी. म्हणजे ज्या गोष्टीवरून पैसे कापले जाणार तिची नोंद नाही, आणि ज्यांची नोंद आहे त्या वस्तू घराबाहेर कोणी नेत नाही.

नगरसारख्या जिल्ह्यात या उणिवेची किंमत अधिक आहे, कारण इथली झीज कशामुळे झाली हे डोळ्यांना सहज कळत नाही. गोदावरी-प्रवरेच्या काठच्या काळ्या मातीत घर बांधले की माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. पाया पुरेसा खोल नसेल तर भिंतींना तिरप्या भेगा जातात, फरशी उचलली जाते, दार चौकटीत अडकू लागते. अडकणारे दार जोर लावून ओढले जाते आणि कडी निखळते. वर्षभराने मालकाला दिसते ती निखळलेली कडी. बोअरचे पाणी जड असेल तर गिझरच्या कॉइलवर क्षाराचे थर चढतात, नळांच्या जाळ्या बुजतात, बाथरूमच्या टाइल पांढऱ्या पडतात. भाडेकरूने कितीही घासले तरी ते पूर्ण जात नाही. स्लॅबमधून झिरपलेल्या पाण्याची ओल भिंतीत उतरते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. दुसऱ्या बाजूला, ड्रिल मारून फोडलेली टाइल, लहान मुलाने पेनाने रंगवलेली भिंत, गरम कढई ठेवून चरकलेला ओटा ही झीज नव्हे. ते नुकसान आहे आणि ते भाडेकरूनेच भरायला हवे. या दोहोंमधला फरक सुरुवातीची स्थिती माहीत असल्याशिवाय कोणीही करू शकत नाही. न्यायाधीशही नाही. आणि नुकसान खरोखर भाडेकरूचे असले तरी किती कापायचे, हा प्रश्न उरतोच. समजा घराला रंग द्यायला १२,००० रुपये लागले आणि असा रंग साधारण चार वर्षे टिकतो असे धरले. भाडेकरू तीन वर्षे राहून गेला असेल तर त्याच्या वापराने रंगाचे फार तर एक वर्षाचे आयुष्य अकाली संपले, म्हणजे ३,००० रुपये. त्याच्याकडून पूर्ण १२,००० घेणे म्हणजे जुन्या रंगाच्या बदल्यात नवा रंग मिळवणे होय. हा साधा हिशेबही रंग कधी दिला होता हे लिहिलेले असल्याखेरीज मांडता येत नाही.

आता कायद्याकडे पाहू. मुंबई भाडे नियंत्रण कायदा, १९४७ याने पागडी घेणे हा गुन्हा ठरवला होता, तरी पागडी चालूच राहिली, आणि भाडी मात्र गोठली. ही गोठलेली भाडी अवाजवी झाली असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात १९९७ मध्ये म्हटले. त्यानंतर आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याने, जो ३१ मार्च २००० पासून अमलात आला, कलम ५६ अन्वये मालकाला अधिमूल्य किंवा डिपॉझिट घेण्याची उघड मुभा दिली. त्या वेळी मालकांची खरी भीती घर अडकून पडण्याची होती, म्हणून कायद्याचे सगळे लक्ष ताब्यावर गेले. कलम २४ प्रमाणे लायसन्सची मुदत संपल्यावर घर सोडले नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागू शकतो. त्यासाठी वेगळी, वेगवान कार्यपद्धती आहे आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई आहे. त्या कलमापुरता लेखी करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. हे सारे योग्य असेलही. पण उलट बाजूला काय आहे? डिपॉझिट किती घ्यावे याला मर्यादा नाही, किती दिवसांत परत द्यावे याचे बंधन नाही, कपातीचा तपशील देण्याची सक्ती नाही आणि वाद झाला तर सक्षम प्राधिकारी त्यात पडत नाही; भाडेकरूने साधा दिवाणी दावा लावायचा. मालकाच्या हक्काला जलद वाट आणि भाडेकरूच्या पैशाला लांबची वाट, अशी ही मांडणी आहे. एक तपशील मला फार बोलका वाटतो. लिव्ह अँड लायसन्स करारावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क आकारताना सरकार भाड्याच्या रकमेत परतीच्या डिपॉझिटवरचे दरसाल १० टक्के व्याज मिळवते. ३०,००० रुपये डिपॉझिट असेल तर वर्षाला ३,००० रुपये मालकाला लाभ झाला असे धरून त्यावर शुल्क मोजले जाते. म्हणजे दुसऱ्याचा पैसा वापरायला मिळणे हा लाभ आहे, हे राज्याने आपल्या शुल्कापुरते मान्य केले आहे. ज्याचा पैसा आहे त्याच्या संरक्षणाचा विचार मात्र त्याच कागदावर कुठे नाही.

असे असले तरी १९९९ च्या याच भाडे नियंत्रण कायद्यात दुरुस्तीचे बीजही आहे. कलम ५५ सांगते की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि तसा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाईल, मालकाने उलट सिद्ध केले नाही तर. नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अकरा महिन्यांचा करार केला आणि नोटरीचा शिक्का मारला म्हणजे झाले, हा समज महाराष्ट्रात खोटा आहे; एक वर्षाच्या आतला भाडेपट्टा नोंदवण्याची गरज नसण्याची सवलत नोंदणी कायद्यात आहे, पण कलम ५५ ला अकरा महिन्यांची पळवाट नाही. या कलमामागचा विचार स्पष्ट आहे. कागद करण्याची ताकद ज्याच्या हातात आहे, त्याने तो नीट केला नाही तर तोटा त्याने सोसावा. हाच विचार एक पाऊल पुढे नेऊन घराच्या स्थितीच्या नोंदीला लावावा, एवढीच माझी मागणी आहे. दोघांनी मिळून केलेली नोंद नसेल, तर घर आधीपासून असेच होते हे भाडेकरूचे म्हणणे खरे धरावे.

हे कुठल्या परदेशातून आणायचे खूळ आहे असे कोणाला वाटेल, तर त्याने नगरमध्येच छावणीकडे पाहावे. भिंगारला चिलखती दलाचे आणि यांत्रिकी पायदळाचे प्रशिक्षण केंद्र आहे, आणि तिथल्या लष्करी निवासस्थानांचा कारभार मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसकडे असतो. जवान किंवा अधिकारी क्वार्टरमध्ये राहायला येतो तेव्हा ‘मार्चिंग इन’ होते आणि सोडताना ‘मार्चिंग आउट’. खात्याचा माणूस आणि राहणारा असे दोघे मिळून फिटिंग, फर्निचर, काचा, कड्या तपासतात, यादीवर सह्या होतात, आणि सोडताना त्याच यादीशी ताडून पाहिले जाते. नुकसानीची वसुली ‘बॅरक डॅमेजेस’ म्हणून होते. नैसर्गिक झीज त्यात धरली जात नाही. ही पद्धत निर्दोष नाही, कारण तिथेही नुकसान ठरवणारा माणूस मालक खात्याचाच असतो. पण आरंभीची आणि अखेरची स्थिती एकाच कागदावर, दोघांच्या सहीने उतरते, हे तिचे बळ आहे. तेच कुटुंब क्वार्टर मिळेपर्यंत छावणीबाहेर खासगी घरात राहते तेव्हा त्याला ‘पंखे ४, गिझर १’ अशी यादी मिळते.

बाहेरच्या जगाने हा प्रश्न दोन बाजूंनी सोडवला आहे. काही ठिकाणी पैसाच मालकाच्या हातातून काढला. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात १९७७ पासून भाड्याची अनामत सरकारी मंडळाकडे राहते. इंग्लंड-वेल्समध्ये एप्रिल २००७ पासून ती मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित करावी लागते, आणि वाद झाला तर कागदपत्रांवरून निवाडा होतो. तिथे निवाडा करणारा गृहीत धरतो की पैसा भाडेकरूचा आहे आणि कापायचे असेल तर कारण मालकाने सिद्ध करायचे. जर्मनीत अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि ती मालकाच्या पैशापासून वेगळी, व्याजासह ठेवावी लागते. दुसरी बाजू नोंदीची. न्यू साउथ वेल्समध्ये स्थितीचा अहवाल मालक भरून देतो, पण भाडेकरूला राहायला आल्यावर सात दिवसांत आपले म्हणणे त्यात लिहून परत देण्याचा हक्क आहे. मला यातली दुसरी बाजू आपल्यासाठी जास्त उपयोगी वाटते. पैसा ठेवायला नवे मंडळ उभारायचे म्हणजे कर्मचारी, कार्यालये आणि परताव्यासाठी हेलपाटे आले; नोंदीला कागद आणि एक तास लागतो. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्याने घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरते मर्यादित केले, ताबा घेताना ते परत करण्यास सांगितले आणि भिंतींची सफेदी, दारे-खिडक्यांचा रंग ही कामे मालकाकडे, तर नळ, गिझर, स्विच यांची दुरुस्ती भाडेकरूकडे सोपवली. हे चांगलेच आहे. पण महाराष्ट्रात अजून १९९९ चाच कायदा चालतो, आणि आदर्श कायद्यातही राहायला येण्याच्या दिवशीची संयुक्त स्थितीनोंद हा कणा नाही. मर्यादा घातली तरी दोन महिन्यांच्या भाड्यावरूनही तोच वाद तसाच होईल.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप मालकांचा आहे. नगरमधला घरमालक म्हणजे कोणी बिल्डर नव्हे. निवृत्तीच्या पैशातून वरचा मजला चढवलेला शिक्षक, नवऱ्यामागे दोन खोल्यांच्या भाड्यावर घर चालवणारी बाई, कर्जाचा हप्ता भाड्यातून भरणारा कारकून. त्यांचे नुकसान खरे असते. भाडेकरू महावितरणचे बिल थकवून जातो, बेसिन फोडून जातो, आणि गावी गेलेल्या माणसाला शोधायचे कुठे? हे मी पूर्णपणे मान्य करतो, आणि म्हणूनच नोंदीची गरज मालकालाच अधिक आहे असे मला वाटते. भारतीय करार अधिनियम, १८७२ याचे कलम ७४ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा कैलाशनाथ असोसिएट्स प्रकरणातला निर्णय पाहिला तर करारात जप्तीची अट लिहिली म्हणून सगळी रक्कम आपोआप ठेवून घेता येत नाही. तोटा झाला असला पाहिजे, आणि ठरलेला आकडा ही भरपाईची कमाल मर्यादा असते. ‘सोडताना रंगाचा एक महिना कापला जाईल’ ही अट याच कसोटीला लागते. ज्याने तोटा दाखवायचा, त्याच्याकडे आधीची स्थिती दाखवणारा कागद नसेल तर त्याचे खरे म्हणणेही पडते. थकलेले वीजबिल सिद्ध करायला महावितरणचा कागद असतो. फुटलेल्या बेसिनसाठी असा कागद मालकाने आधीच करून ठेवायला हवा.

दुसरा आक्षेप असा की आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, फोटो काढले की झाले. फोटो हवेतच, पण ते पुरे नाहीत. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून देताना प्रमाणपत्र आवश्यक ठरवले, आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कलम ६३ ने ती अपेक्षा कायम ठेवली आहे. त्यापलीकडे, एकट्याने काढलेला फोटो कधीचा, कोणत्या खोलीचा, यावरून नवा वाद उभा राहतो. तेच फोटो दोघांनी सही केलेल्या यादीत क्रमांकाने नमूद असतील तर वादाला जागाच उरत नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. टेम्पो दारात उभा, सामान उतरतेय, अशा वेळी खोली-खोली पाहत बसायला कोणाला वेळ आहे? म्हणूनच सात दिवसांची मुदत हवी. गिझर चालतो का हे अंघोळ केल्यावरच कळते, आणि मोरीचे पाणी तुंबते हे दोन दिवसांनी. भाडेकरू त्या मुदतीत खोटे दोष लिहील, अशी भीतीही घातली जाते. लिहील एखादा. पण तो दोष मालकाला कळवावा लागेल, मालक येऊन पाहील, आणि न पटल्यास तसे नोंदवेल. पहिल्या आठवड्यातला मतभेद सोडवणे सोपे असते, कारण कोणाचेही पैसे अडकलेले नसतात, रंग देणारा कारागीर आणि आधीचा भाडेकरू यांना विचारता येते. दोन वर्षांनी यातले काहीच हाती राहत नाही.

लहान रकमेचा वाद कोर्टात कोण नेणार, हा प्रश्नही विचारला जातो, आणि तो अगदी खरा आहे. पंधरा-वीस हजारांसाठी लोणीचा विद्यार्थी परीक्षा संपवून लातूरला किंवा नांदेडला गेल्यावर राहात्याच्या न्यायालयात तारखांना येणार नाही. दावा लावायला तीन वर्षांची मुदत कायद्याने दिलेली असली तरी ती वापरली जात नाही. मग भाडेकरू आपला मार्ग शोधतो: शेवटचे दोन महिने भाडेच देत नाही, ‘डिपॉझिटमधून वळते करून घ्या’ म्हणतो. असा एकतर्फी हक्क त्याला नाही, आणि जो मालक प्रामाणिक आहे त्याच्या हातातले नुकसानीचे तारण यामुळे निघून जाते. अविश्वासाचा हा खर्च चांगल्या मालकाने आणि चांगल्या भाडेकरूने मिळून भरलेला असतो. यावर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुका समित्या हे आहे तेच साधन वापरता येईल. दावा दाखल होण्यापूर्वीची प्रकरणेही लोकअदालतीत ठेवता येतात. स्त्रियांना तर उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते, आणि एकट्या राहणाऱ्या परिचारिका, शिक्षिका, विद्यार्थिनी यांच्यासाठी ती मोठी सोय आहे. मात्र समेट घडवणाऱ्यापुढे दोन माणसांचे दोन शब्द एवढेच असतील तर तोही अर्धे-अर्धे वाटून मोकळा होईल. स्थितीची नोंद समोर असेल तर तो अर्ध्या तासात आकडा काढू शकेल.

राहिला प्रश्न सौदा करण्याच्या ताकदीचा. घराची गरज असलेला कामगार मालकाला ‘आधी भेगा लिहून द्या’ असे म्हणणार नाही. म्हणाला तर खोली दुसऱ्याला जाईल. त्यामुळे चांगल्या सवयींचा उपदेश करून हे काम होणार नाही. ते सरकारी नमुन्यात बसवावे लागेल. आज लिव्ह अँड लायसन्सची ई-नोंदणी होते, तिच्यासाठी दोन्ही पक्षांचे अंगठे आणि फोटो घेतले जातातच. नोंदणी महानिरीक्षकांनी त्या करारात एक सक्तीचे परिशिष्ट जोडावे: प्रत्येक खोलीची भिंत, फरशी, दारे-खिडक्या, नळ, वायरिंग यांची स्थिती, शेवटचा रंग कधी दिला ते वर्ष, उपकरणे किती जुनी आहेत ते, मीटरचे रीडिंग आणि सात दिवसांत भाडेकरूने जोडायची पुरवणी. परिशिष्ट कोरे असेल तर वीजबिल आणि थकीत भाडे सोडून दुसरी कपात करता येणार नाही, आणि घर सोडल्यापासून एक महिन्यात हिशेबासह रक्कम परत द्यावी, अशी दोन वाक्ये कलम ५५ ला जोडली की कायद्याचे काम झाले. तोपर्यंत घर आधीच भाड्याने घेऊन राहणाऱ्यांनाही वाट आहे. करार अकरा महिन्यांनी नवा होतो, तेव्हा भाडे पाच-दहा टक्क्यांनी वाढवण्याची बोलणी होतातच. त्याच बैठकीत घराची आजची स्थिती लिहून दोघांनी सही करावी. सहा-सात वर्षे एकाच घरात राहिलेल्या भाडेकरूंना याची सर्वाधिक गरज आहे. रंग केव्हा दिला होता हे त्यांच्या बाबतीत दोघांनाही आठवत नसते, आणि त्यांच्याकडून मागितली जाणारी कपात मात्र नव्या घराच्या दराने असते.